तिसरी दोरी

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत मी फ्रिज कंपनीत आहे, असा सगळ्यांचा ठाम समज होता. त्याला कारण मीच. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं?" तेव्हा मी कंटाळून म्हटलं, "वस्तू गार करते." झालं. त्यानंतर कुणाच्या फ्रिजमधला बर्फ वितळला की माझ्या दाराची कडी वाजायची. एकदा मी एकांच्या फ्रिजच्या दाराचं रबर साबणाने धुऊन दिलं आणि तो खरंच पुन्हा नीट गार करू लागला. मग तर खुलासा करायची सोयच उरली नाही. आणि खरं सांगायचं तर मला तो खुलासा करायचाही नव्हता, कारण कडी वाजायची दुसरी काही निमित्तं माझ्याकडे नव्हती.

आई गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. भाऊ बंगळूरला, त्याच्या संसारात. लग्नाचं माझ्या बाबतीत जमलं नाही, आणि न जमण्यात माझ्या तिरसट स्वभावाचा वाटा किती, हे नातेवाईक माझ्यासमोरच मोजत असत. दोन खोल्या, एक रेडिओ, एका माणसाचा कुकर. रविवारी कधीकधी संध्याकाळ व्हायची आणि लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग मी उगाच खाली जाऊन मीठ आणायचे. घरात मिठाचे पुडे साठले होते.

काम मात्र माझं खरंच गार करण्याचं होतं. ऐंशीचं दशक संपून नव्वदीला सुरुवात झाली होती. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोच्या मागे एका संस्थेची लहानशी प्रयोगशाळा होती, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे आम्ही अतिवाहक सेन्सर बनवायचा प्रयत्न करत होतो. अतिवाहक म्हणजे असा धातू की जो पुरेसा गार केला की विजेला काडीचाही अडथळा करत नाही. पुरेसा म्हणजे द्रव हेलियमइतका, शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर अंश. त्या अवस्थेत तो इतकं क्षीण चुंबकीय क्षेत्र ओळखू शकतो की बाहेरून रिक्षा गेली तरी काटा हलायचा. पण त्याला जरा ऊब लागली की संपलं. तो पुन्हा साधा धातू होतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून माझं काम सेन्सरचं नव्हतंच, उष्णतेचं होतं. ती कुठून शिरते ते शोधायचं आणि तिला वाटेतच अडवायचं. उष्णता फार चिवट असते. तारेवरून उतरते, खांबावरून उतरते, मध्ये काही नसलं तरी समोरच्या भिंतीवरून येते. सेन्सरला वीज पोचवायला तारा तर हव्याच, आणि त्याच तारांवरून बाहेरची ऊब आत जाते. मग त्या केसाएवढ्या चोवीस तारा वाटेत तांब्याच्या खुंट्यांना गुंडाळायच्या, घट्ट बांधायच्या, वर व्हार्निश लावायचं, म्हणजे त्या आपली उष्णता टप्प्याटप्प्याने खुंट्यांना देऊन गार होतात. शेवटच्या टप्प्याला आम्ही अतिवाहक तारच वापरायचो. ती वीज सगळी नेते आणि उष्णता जवळजवळ नेतच नाही. त्या अख्ख्या विषयातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट होती. ती कुणाला सांगावी तर ऐकणारं माणूस एकच होतं.

ते म्हणजे काका. चेंदणी कोळीवाड्यातले. पंप उचलायला म्हणून सहा वर्षांपूर्वी आले आणि त्यांची बोटं बघून साहेबांनी त्यांना तारा बांधायला बसवलं. लहानपणापासून जाळी विणलेली बोटं ती. आम्ही चिमटे आणि भिंग घेऊन जी गाठ मारायला दहा मिनिटं घ्यायचो, ती ते नुसत्या हातांनी, खिडकीबाहेर बघत मारायचे. बांधून झालं की दोरीवर नखाने टिचकी मारून कान जवळ न्यायचे. आवाज पटला नाही तर सोडून पुन्हा बांधायचे. नायलॉनची दोरी त्यांचीच पसंती. ते जाळ्याची बारीक दोरी घरून आणायचे, कारण आमच्या भांडारातली त्यांना आवडायची नाही.

डबा आम्ही बरोबर खायचो. मी पोळी-भाजी, ते भात आणि त्यावर काही ना काही मासळी. मला माशातलं काही कळत नाही यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. "कोकणातली ना गो तू? मंग?" मी म्हणायचे, आमचं गाव घाटमाथ्याजवळचं, समुद्र मी ठाण्यात आल्यावरच पाहिला. ते म्हणायचे, "ही खाडी हाय, बाय. समुद्र कुठं बघितलास तू?" चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, आणि डब्याच्या वेळी बाय. दिवसातून एकदा मला कुणीतरी बाय म्हणतं, या एका गोष्टीसाठी मी सुट्टीच्या दिवशीही कामावर गेले असते. गेलेही आहे.

काकांना हवं होतं ते एकच. कायम होणं. सहा वर्षं ते रोजंदारीवर होते. संस्थेचा नियम असा की रोजंदारीवरच्या माणसाला कायम करायचं तर पन्नाशीच्या आत. त्यांची पन्नाशी पुढच्या जूनमध्ये पुरी होत होती. साहेबांनी शिफारस करून फाइल मुख्य कार्यालयात पाठवली होती आणि तिकडून निरोप आला होता की नव्या सेन्सरची चाचणी पार पडली की सही होईल. ते मला दर आठवड्याला विचारायचे, "आपला डबा कवा गार व्हणार?" डबा म्हणजे आमचं सेन्सरचं भांडं. त्यांना खरं काय विचारायचं असायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक असे. होडी त्यांनी भावाला देऊन टाकली होती. खाडीत आता मासळी उरली नाही, म्हणायचे, कंपन्यांचं पाणी पिऊन सगळी मेली.

आता त्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं. आतल्या हेलियमच्या भांड्याखाली तांब्याची एक चकती टांगायची होती, पेढ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढी. तिच्याखाली टीचभर दांडा आणि दांड्याच्या टोकाला सेन्सर. चकती भांड्याला चिकटवायची नव्हती. मधे फक्त तांब्याची एक पातळ पट्टी, म्हणजे जी काय उष्णता जाईल-येईल ती तेवढ्याच वाटेने, आम्हाला हवी तितकी. बाकी ती चकती तीन नायलॉनच्या दोऱ्यांवर अधांतरी. नायलॉन उष्णता फार थोडी नेतं. या सगळ्याभोवती तांब्याचं एक नळकांडं, द्रव नायट्रोजनने गार केलेलं. ते बाहेरची ऊब अडवायला, पण आतल्या चकतीच्या मानाने ते स्वतः बरंच उबदार. त्याचा आणि दांड्याचा स्पर्श होता कामा नये. मधे तीन मिलिमीटरची फट ठेवली होती.

ड्रॉइंग माझं होतं. दोन दोऱ्या चार-चार बोटं लांब. तिसऱ्या दोरीच्या जागी मात्र हेलियम भरायची नळी आडवी येत होती, म्हणून तिचा हूक मी वर, भांड्याच्या मानेवर दिला. त्यामुळे ती दोरी वीतभर लांब झाली.

काकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "तिन्ही सारख्या नाय ठेवता येत?"

"नळी मध्ये येतेय ना."

"नळीला वळसा घालून पितळेचा एक हात देऊ खाली. फिटरकडून करून घेऊ."

"त्याला दोन दिवस लागतील, काका. हेलियम परवा येतंय."

ते म्हणाले, "तीन दोऱ्यांवर टांगायचं तर सारख्या पायजेत, बाय. नवी दोरी भिजली का आखडते. लांब असते ती जास्ती आखडते. मंग सगळं एका अंगाला वळतंय. आमचा बाप तर बांधायच्या आधी भिजवून ठेवायचा."

मी हसले. आजही ते हसणं मला ऐकू येतं. "अहो, ही नायलॉन आहे, सुतळी नाही. आणि आतमध्ये पाणी कुठून येणार? आत हवासुद्धा नसते."

"तू शिकलेली हायस," ते म्हणाले आणि ड्रॉइंगमध्ये होतं तसं बांधलं. टिचकी मारून तिन्ही दोऱ्या ऐकल्या. मी कागदाची पट्टी फटीतून सगळीकडून फिरवून पाहिली. कुठेही अडली नाही. स्पर्श नाही, असं वहीत लिहिलं.

हेलियम मुंबईहून टेम्पोतून आलं, मोठ्या थर्मासासारख्या भांड्यात. महिन्यातून एकदा, तेही मिनतवाऱ्या करून मिळायचं. उकळून निघालेला वायू वाया जाऊ नये म्हणून शेडच्या छताला एक मोठा रबरी फुगा टांगलेला असे. वायू त्यात जमायचा आणि आम्ही तो परत पाठवायचो. किती हेलियम उडालं ते फुग्याकडे बघून कळायचं. सगळं ठीक असलं तर तो संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धा भरायला हवा. त्या दिवशी तो दुपारच्या डब्याच्या आत टम्म फुगला. सेन्सर एकदाही अतिवाहक झाला नाही. कुठूनतरी उष्णता आत ओतली जात होती आणि हेलियम ती झेलत उकळून चाललं होतं. दोन वाजता भांडं कोरडं.

अशा वेळी एक फॉर्म भरायचा असे. त्यात संभाव्य कारणाचा रकाना होता आणि खाली काम करणाऱ्याची सही. मी साहेबांच्या टेबलासमोर बसून विचार केला. नळकांडं ठीक, निर्वात ठीक, पट्टी ठीक. उरल्या त्या चोवीस तारा. बंध सैल पडले असले तर तारांवरून ऊब सरळ खाली उतरणार. हे शक्य होतं. अगदी पुस्तकात असतं तसं कारण. आपली रचना चुकली असेल हे माझ्या मनात आलंच नाही, असं मी म्हणू शकले असते. पण ते खोटं होईल. आलं होतं. ओझरतं आलं आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही. मी इंग्रजीत लिहिलं, तारांचे बंध सैल असण्याची शक्यता.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं, "काय लिवलंस?"

"नेहमीचंच, काका. करा सही."

त्यांनी सही केली. मोठी, वळणदार, शाळेत गिरवल्यासारखी.

पुढच्या महिन्यात सगळ्या तारा सोडून त्यांनी पुन्हा बांधल्या. आठ दिवस लागले. माझ्याच सांगण्यावरून, आणि मी शेजारी उभी राहून. दोऱ्यांना आम्ही हातही लावला नाही. फुगा पुन्हा जेवणाआधी भरला. फॉर्मवर मी पुन्हा तेच लिहिलं, या वेळी 'शक्यता' हा शब्द गाळून. साहेब घाईत होते, त्यांनी वाचून मान हलवली.

पंधरा दिवसांनी फाइल परत आली. निकृष्ट बांधणीमुळे दोन चाचण्या अयशस्वी, सबब तूर्त विचार नाही, असा शेरा. कारकुनाने तो काकांना मराठीत वाचून दाखवला. मी पलीकडच्या टेबलाशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. डब्याच्या वेळी ते डेपोच्या कँटीनला गेले. आणि त्यानंतरच्या सोमवारपासून त्यांना बोलावणंच गेलं नाही. रोजंदारीवरच्या माणसाला काढून टाकत नाहीत, फक्त बोलावत नाहीत.

मी एकटी जेवू लागले. एकटीने जेवण्याची मला घरी सवय होती. कामावर नव्हती. शेडमध्ये आणखी तिघं-चौघं होते, पण ते आपापसात बोलत आणि मी गेले की विषय बदलत. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईच्या वाट्याला जे येतं ते माझ्या वाट्याला आलं होतं. डबा पाच मिनिटांत संपायचा. उरलेली पंचवीस मिनिटं मी नळावर डबा घासत बसायचे.

पुढचं हेलियम यायच्या आधी सगळं उघडून पुसायचं होतं. दिवाळीनंतरची कसलीतरी सुट्टी होती. माझ्याशिवाय कुणी आलं नव्हतं. नळकांडं खिडकीशी नेऊन मी आतून कापडाने पुसत होते, तर एका जागी तांबं चमकताना दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा, नवाच. मी दांड्याचं टोक भिंगाखाली धरलं. तिथे व्हार्निश खरवडलेलं. दोन्ही खुणा एकमेकींच्या समोर.

मग मी काय केलं ते आठवणीने सांगते. चकती, दांडा, तिन्ही दोऱ्या, सगळं तसंच स्टँडला टांगलं. नळकांडं बाजूला ठेवलं. दांड्याच्या टोकाशी मोजपट्टी उभी केली आणि थर्मासमधला द्रव नायट्रोजन दोऱ्यांवर हळूहळू ओतत गेले. वाफ झाली, दोऱ्यांवर पांढरं दहिवर चढलं. आणि चकती कलायला लागली. अगदी सावकाश. दोन दोऱ्या जरा आखडल्या, लांब होती ती त्यांच्या जवळजवळ तिप्पट आखडली. तिने चकतीची एक कड वर उचलली, आणि दांड्याचं टोक मोजपट्टीवर सरकत सरकत तीन मिलिमीटरच्या पुढे गेलं. चारावर थांबलं. तसंच राहिलं. दहा-पंधरा मिनिटांनी ऊब लागली तसं ते परत आपल्या जागी आलं, जसं काही झालंच नव्हतं. म्हणून तर कागदाच्या पट्टीला ते कधी सापडलं नव्हतं. स्पर्श फक्त थंडीत होत होता.

पाण्याने नव्हे, थंडीने. एवढाच काय तो फरक. बाकी त्यांनी सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर तसंच होतं. नायलॉन गारठलं की धातूपेक्षा कितीतरी जास्त आखडतं, हे माझ्या पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात छापलेलं होतं. मी तो तक्ता शंभरदा पाहिला होता. मी स्टुलावर बसले आणि रडले. कुणी बघायला नव्हतं, त्यामुळे रडणं आवरायचं कारणही नव्हतं.

नळीला वळसा घालणारा पितळेचा हात फिटरने दीड दिवसात करून दिला. तिन्ही दोऱ्या सारख्या झाल्या. मीच बांधल्या, काकांच्या मानाने गचाळ. तिसऱ्या चाचणीला संध्याकाळी पाचपर्यंत फुगा निम्माही भरला नव्हता आणि सेन्सर दिवसभर अतिवाहक राहिला. साहेबांनी पेढे आणवले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, रचनेत किरकोळ बदल केला. त्यांनी त्यावर काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी चेंदणीला गेले. त्यांचं घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर ते जाळं दुरुस्त करत होते, कुणा दुसऱ्याचं. शेजारी त्यांची बायको सुकट निवडत होती. मला बघून ते उठले. "आयलीस गो, बाय? बस."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ओरखडा, नायट्रोजन, कललेली चकती. फॉर्मवर मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. नेहमीचंच नव्हतं लिहिलं, काका, तुमच्यावर ढकललं होतं. त्यांना ते माहीत होतं, अर्थात. तरी मी म्हणाले, कारण ते मला माझ्या तोंडून म्हणायचं होतं.

त्यांनी भलतंच विचारलं. "किती आखडली?"

"ती लांब दोरी? तीन मिलिमीटर तरी."

त्यांनी अंगठा आणि तर्जनीत तेवढं अंतर धरलं आणि त्याच्याकडे बघत बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. एक प्रकारचा आनंदच होता, मला तो आमच्या कामातला आनंद ओळखता येतो. "पाण्याबिगर," ते म्हणाले. "नुसत्या गारठ्यानं. मना नवीनच हाय हे." मग बायकोकडे वळून म्हणाले, "आयकलंस काय? मी बोल्लो व्हतो हिला."

बायकोने सुकटीवरची नजर काढली नाही. तिने मला विचारलं, "मंग सायबाला बोल्लीस काय तू?"

ओट्यावरून एक कोंबडी गेली. मी म्हणाले, "अजून नाही."

"अजून नाय," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

काका ओशाळले, माझ्याऐवजी. "जाऊ दे गो. च्या ठेव." चहा झाला. मी उद्याच सांगते म्हणाले. जाताना त्यांनी कागदात बांधून सुकट दिली. मला ती करता येत नाही हे त्यांना माहीत होतं, कशी करायची तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत खरंच गेले. सांगितलंही. ते सभ्य गृहस्थ होते, आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. सगळं ऐकून घेतल्यावर चष्मा काढून म्हणाले, "हे तुम्ही लेखी द्याल तर मी पुढे पाठवीन. पाठवायलाच हवं. पण माझं ऐकाल तर थोडं थांबा. तुमच्या बढतीची समिती उन्हाळ्यात बसते आहे. रचना करणाऱ्याची चूक, आणि ती दोनदा दुसऱ्याच्या नावावर, असा कागद आत्ता फाइलला लागला तर काय होईल, ते मी सांगायला नको. निर्णय तुमचा."

मी विचार करते म्हणाले. विचार करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एक पान लिहायचं होतं. ते मी त्याच आठवड्यात लिहिलंसुद्धा, आणि टेबलाच्या खणात ठेवलं. खण उघडला की ते दिसायचं. मी स्वतःला सांगत होते की माझ्यामागे कुणी नाही, म्हातारपणी मला ही नोकरी सोडून दुसरं काय आहे. हे खरं होतं. आणि हेही खरं होतं की जून यायला अजून अवकाश आहे, असं मी जानेवारीत म्हणत होते, मार्चमध्ये म्हणत होते आणि मेच्या शेवटीही म्हणत होते. जून आला. कोणत्या दिवशी त्यांची पन्नाशी पुरी होते ते मला पाठ होतं. त्या दिवशी मी रजा घेतली आणि घरात बसून राहिले.

माझं बढतीचं पत्र जुलैत आलं. ते आलं त्याच दुपारी मी खणातलं पान काढलं, त्यावर नवी तारीख घातली आणि साहेबांना दिलं. त्यांनी तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सही करून पुढे पाठवलं. त्या एका नजरेनंतर आम्ही दोघं सात वर्षं एकत्र काम करत होतो, पण कामापलीकडचं कधी बोललो नाही.

उत्तर गणपतीनंतर आलं. मराठीत होतं. खुलासा मान्य करण्यात येत असून सदर कामगाराविरुद्धचा शेरा रद्द करण्यात येत आहे; तथापि वयोमर्यादा ओलांडलेली असल्याने कायम नियुक्तीचा विचार करता येणार नाही. खाली एक ओळ होती, की याची प्रत संबंधिताला पोचवावी. साहेबांनी ती प्रत शिपायाकडे न देता माझ्या टेबलावर आणून ठेवली.

खोपटहून चेंदणीला चालत जायला अर्धा तासही लागत नाही. मी ती प्रत पाकिटात घालून पोस्टाने पाठवली.